दोरी, दिवा आणि मण्यार

मायबाप श्रोतेहो, काल दोरीवरच्या सापाचा दृष्टांत निघाला आणि वेळ संपली म्हणून अर्ध्यावर सोडला. आज श्रावण शुद्ध पंचमी, नागोबाचा दिवस. तोच धागा पुढे नेऊ.

दृष्टांत तुम्हाला पाठ आहे. तिन्हीसांजेला वाटेत दोरी पडलेली असते, माणसाला तिथं साप दिसतो. घाम फुटतो, पाय लटपटतात. आता मेख पाहा. साप खोटा, पण घाम खरा. त्या सापाला काठीनं मारून उपयोग नाही, मंत्र घालून उपयोग नाही. दिवा आणावा लागतो. आणि दिवा आणल्यावर साप पळून जात नाही बरं, तो कधी नव्हताच हे कळतं. अज्ञान असं असतं.

पण माउली, दोरीवर सापच का? गौडपादाचार्यांनी पाण्याची धारही सांगितली आहे, ती कुणाच्या लक्षात राहिली नाही. साप राहिला. कारण तो आपल्या आत आधीच बसलेला आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिनला मिनेका नावाच्या बाईंनी १९८० च्या दशकात माकडांवर प्रयोग केले. पिंजऱ्यातच वाढलेली माकडं, त्यांनी जन्मात साप पाहिलेला नाही. ती सापाला भीत नव्हती. मग त्यांना दुसरं माकड सापाला घाबरतंय असं दाखवलं, तेवढ्यावर ती भ्यायला लागली. पुढे फिल्म जोडून असं दाखवलं की माकड फुलाला घाबरतंय. पण फुलाला कुणी भ्यायलं नाही! म्हणजे भीती दुसऱ्याकडून येते, पण सापाच्या भीतीसाठी आत पाट आधीच मांडलेला असतो. घरात आई किंचाळली की पोर जन्मभर भितं, ते यामुळे.

आणि ज्याची भीती, त्याच्यावरून नजर हटत नाही. सर्पमित्र साप धरायला आला की सगळी चाळ गॅलरीत उभी. घाबरलेले लोक ना? मग दार लावून आत बसा की! नाही, मान वाकडी करून बघायचं. आपल्या देवांकडेच पाहा. शंकराच्या गळ्यात नाग, विष्णूला शेषाची शय्या, गणपतीच्या पोटाला नागबंध. ज्याची भीती वाटते ते देवाच्या अंगावर शांत बसलेलं पाहिलं की माणसाला बरं वाटतं. चांगदेव मात्र वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन आळंदीला निघाले. तो साप देवाच्या गळ्यातला नव्हे, तो मिरवायचा साप. समोरून भावंडं साध्या भिंतीवर बसून आली आणि चाबूक धरलेला हात खाली आला.

मिरवायचा साप अजून गेलेला नाही. गारुडी टोपली घेऊन येई, आपण दूध घालत असू. माउली, साप दूध पीत नाही. त्याला आधी तहानलेला ठेवतात, मग समोर येईल त्यात तो तोंड घालतो, आणि कित्येकदा त्यानंच मरतो. दात उपटलेले असतात, कधी तोंडही शिवलेलं. पुंगीवर डोलतो म्हणावं, तर त्याला बाहेरचा कान नाही. पुंगी हलते तिकडे तो फणा वळवतो, सावध म्हणून. आपण म्हणतो भक्त आहे!

सांगली जिल्ह्यातलं बत्तीस शिराळा तुम्ही ऐकलं असेल. तिथं महाजनांच्या घरातली बाई मातीच्या नागाची पूजा करत होती, म्हणून गोरक्षनाथांना भिक्षा घालायला उशीर झाला. जिवंत नागाची पूजा करशील का, असं नाथांनी विचारलं आणि मातीचा नाग जिवंत केला, अशी तिथली कथा. त्यावरून पंचमीला जिवंत नाग धरून पूजायची रीत पडली. पुढे १९७२ चा वन्यजीव कायदा आला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि ते बंद करावं लागलं. गावकऱ्यांना वाईट वाटलं, मी समजू शकतो. नाग आम्ही जिवापाड जपतो, असं ते म्हणतात. पण कथा नीट ऐका. बाईची पूजा मातीच्याच नागाची होती, आणि ती नाथांच्या भिक्षेपेक्षाही तिला आधी होती. मातीच्या नागात काही उणं नाही. आपल्या आयाबाया आज तवा ठेवत नाहीत, चिरत नाहीत, खणत नाहीत, दिंडं उकडतात, नागोबाला भाऊ म्हणतात. भरपावसात बिळं पाण्यानं भरलेली, साप बाहेर पडलेला, अशा दिवशी नांगर थांबवा असं सांगणारा सण आहे हा.

आता दिव्याचं बोलतो. गावाचं नावच दिवा, आणि अंधार किती ते तुम्ही जाणता. खाडी, खारफुटी आणि भातशेती यांत भराव टाकून चाळी उभ्या राहिल्या. साप आपल्या घरात आला म्हणतो, पण त्याच्या घरात आपण आलो. येतात त्यातले बहुतेक बिनविषारी, धामण नाहीतर पाण्यातला दिवड. (दिव्याला दिवड असायचाच.) महाराष्ट्रात माणसाचे जीव जातात ते मुख्यतः चौघांमुळे: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं.

बऱ्याच वर्षांपूर्वी, अशाच पावसात, पहाटे चारला माझं दार वाजलं. चाळीतला एक बाप, कडेवर सहा-सात वर्षांचा मुलगा. "महाराज, पोट दुखतंय, डोळे उघडेनात. काहीतरी बाहेरचं आहे. अंगारा लावा." मी अंगारा लावला. रामरक्षा म्हणायला बसलो. पुरी म्हटली. मग पोराची जीभ जड झाली तेव्हा शेजारचा रेल्वेतला माणूस ओरडला, "अहो, खाली निजलं होतं ना? मण्यार असेल!" तेव्हा रिक्षा शोधली. मण्यार रात्री जमिनीवर निजलेल्याला चावते, दुखत नाही, खूणही दिसत नाही. पोटात कळ येते, पापण्या मिटतात, मग श्वास बंद पडतो. मुलाला श्वासाच्या यंत्रावर ठेवलं, लस दिली. वाचला. डॉक्टर बापाला म्हणाले, इतका वेळ कुठं होता? बाप माझ्याकडे पाहून गप्प राहिला.

परीक्षितीची कथा मी कितीतरी वेळा सांगितली होती. सात दिवसांत तक्षक दंश करणार हा शाप, आणि शुकाचार्यांचं भागवत. पण महाभारतात त्या कथेत आणखी एक जण आहे, कश्यप नावाचा ब्राह्मण. विष उतरवण्याची विद्या त्याच्याजवळ होती, राजाकडेच निघाला होता. तक्षकानं वाटेत गाठलं, दंशानं वड जाळून दाखवला. कश्यपानं तो वड पुन्हा हिरवा केला! मग तक्षकानं विचारलं, राजाकडून काय मिळवणार आहेस? त्याहून जास्त देतो, परत जा. राजाचं आयुष्य सरलंय हे कश्यपानं ज्ञानानं जाणलं, धन घेतलं आणि परत फिरला. माउली, त्या पहाटे तक्षकाचं काम मी केलं. दवाखान्याकडे जायची वाट माझ्या उंबऱ्यावर अडवली.

मांत्रिकाला यश का येतं तेही ऐका. चावणारे बहुतेक साप बिनविषारी, आणि विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असं नाही. ते सगळे मांत्रिकाच्या खात्यावर जमा होतात. गेलेल्यांचं प्रारब्ध! विषावर औषध एकच, लस. आपल्याकडे परळच्या हाफकिनमध्ये ती बनत आली आहे. घोड्याला विष थोडंथोडं टोचतात, त्याच्या रक्तात विषाला मारणारं द्रव्य तयार होतं, त्यातून लस निघते. चौघांवर ती एकच चालते, म्हणून साप मारून पिशवीत घालून नेऊ नका. करकचून दोरी बांधू नका, कापू नका, चोखू नका. हात किंवा पाय हलू देऊ नका आणि थेट मोठ्या सरकारी किंवा महापालिकेच्या दवाखान्यात जा. नामस्मरण रिक्षात करा, पांडुरंगाला चालतं. आणि खाली निजत असाल तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा गादीखाली खोचा.

मंडपामागे नवा भराव पडलाय, पाऊस आहे. घरी जाताना मोबाईलची बॅटरी लावून, पाय आपटत चला. रस्त्यात दोरी दिसली तर हात लावू नका, आधी उजेड पाडा. उठा, आरतीला उभे राहा.