कांगड्यापासून आपल्या बरणीपर्यंत

हिमालयाच्या पायथ्याशी असलेल्या कांगडा खोऱ्यात १९५६ साली डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग सुरू केला. सुमारे लाखभर वस्तीच्या त्या भागात गलगंड घरोघरी होता. पावसानं आणि बर्फाच्या पाण्यानं डोंगरउतारांवरचं आयोडीन शतकानुशतकं धुऊन नेलं होतं. मातीत नाही म्हणून धान्यात नाही आणि धान्यात नाही म्हणून माणसात नाही. त्यांनी खोऱ्याचे तीन भाग केले. दोन भागांत आयोडीनयुक्त मीठ दिलं, तिसऱ्यात साधं. सहाएक वर्षांत पहिल्या दोन्हीकडे गलगंड जवळपास निम्म्यावर आला, तिसऱ्यात मात्र जैसे थे. पुढे तिसऱ्यालाही तेच मीठ मिळालं आणि तिथलाही आजार ओसरला.

इतका स्वच्छ पुरावा हाती असताना पुढची वाट इतकी लांबायला नको होती. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, पण हा डोंगराळ पट्ट्याचा आजार आहे असं धरूनच. नंतरच्या पाहण्यांत महाराष्ट्रासह सपाटीवरच्या राज्यांतही गलगंडाचे जिल्हे सापडले. शिवाय गळ्याची सूज ही फक्त दिसणारी बाजू. गरोदरपणात आयोडीन कमी पडलं की पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते, आणि ते नुकसान नंतर भरून येत नाही. ऐंशीच्या दशकात सगळंच खायचं मीठ आयोडीनयुक्त करायचं ठरलं. १९९२ मध्ये कार्यक्रमाच्या नावात गलगंडाऐवजी आयोडीनच्या कमतरतेचे विकार आले.

त्यासाठी साध्या, आयोडीन नसलेल्या खाद्य मिठावर देशव्यापी बंदी आली होती; ती २००० साली उठवण्यात आली. काय खावं हे सरकारनं ठरवू नये, असा त्यामागचा युक्तिवाद होता. छोट्या मीठ उत्पादकांची अडचण खरी होती, तिच्यावर मदतीचा उपाय करता आला असता. पण पोटातल्या बाळाला कसली आली निवड? बंदी पुन्हा लागू व्हायला मे २००६ उजाडला. मधल्या वर्षांत जन्मलेल्या मुलांचा विचार आला की मला अजून अस्वस्थ व्हायला होतं.

२०१८-१९ च्या राष्ट्रीय पाहणीत ७६.३ टक्के घरांतल्या मिठात पुरेसं आयोडीन आढळलं. उरलेल्या घरांचं काय, हे आता पाहायला हवं. समुद्राचं मीठ म्हणजे आयोडीन आलंच, हा गैरसमज आपल्याकडे पक्का आहे. समुद्री मासळीत ते भरपूर असतं, मिठागरातल्या साध्या खडेमिठात मात्र जवळपास नसतंच. सैंधवाचंही तसंच. उपवासापुरतं ते ठीक, पण हल्ली आरोग्याच्या नावाखाली रोजच्या वरणभातातही तेच पडू लागलंय.

मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, गरोदर बाईला सुमारे २५०. ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत मिठात दर किलोला किमान १५ मिलिग्रॅम उरावं, असा नियम आहे. दमट हवेत उघडं राहिलं की ते आणखी घटतं. बाळंतपणाला लेक माहेरी येणार असेल, तर डिंकाच्या लाडवांइतकंच झाकणबंद बरणीतलं मीठ कुठलं आहे, हेही पाहून ठेवावं.