गल्लीतून सीपीआरपर्यंत

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत रात्री कुणाच्या छातीत कळ आली, घरच्यांनी 108 लावला, की फोन वाजतो पुण्यात, औंधच्या नियंत्रण कक्षात. तिथून जवळची गाडी शोधून धाडली जाते. 26 जानेवारी 2014 ला ही सेवा राज्यभर सुरू झाली ती 937 रुग्णवाहिकांनिशी. त्यांतल्या 233 गाड्यांत व्हेंटिलेटर आणि हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र, बाकीच्यांत ऑक्सिजन नि प्राथमिक उपचारांचं साहित्य. मला मात्र यंत्रांहून मोठी वाटते ती गाडीवर डॉक्टर ठेवण्याची पद्धत.

डॉक्टर आणि पायलट, एवढीच माणसं. ड्रायव्हरला इथं पायलटच म्हणतात. रस्ता कुठला घ्यायचा हे पायलट ठरवतो. रुग्णाजवळ पोचल्यावर तोच डॉक्टरच्या शब्दावर स्ट्रेचर धरतो. निवृत्ती चौकातून आत बोळ लागला, दोन्ही अंगांना दुचाकी उभ्या असल्या, की हुकूम चालतो तालमीच्या पोरांचा. कुणी गाड्या उचलून बाजूला ठेवतं, कुणी आजोबांना खुर्चीसकट जिन्यावरून उतरवतं. चेंडू ज्याच्या पायात त्यानं मैदान बघायचं, हे फुटबॉलवेड्या पेठेला सांगावं लागत नाही.

हे धावून जाणं बोळापुरतंच नाही. 26 जानेवारी 2018 च्या रात्री शिवाजी पुलाचा कठडा तोडून मिनीबस पंचगंगेत कोसळली. गणपतीपुळ्याहून परतणाऱ्या पुण्याच्या 13 जणांचा जीव गेला. त्या काळोखात आधी धावले ते आसपासचे लोकच.

रुग्ण एका हातातून दुसऱ्या हातात देण्याचा सगळ्यांत नाजूक क्षण सीपीआरच्या, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाच्या दारात येतो. काय झालं, किती वाजल्यापासून, रक्तदाब किती, कुठलं औषध दिलं: गाडीतल्या डॉक्टरनं हे थोडक्यात सांगायचं आणि घेणाऱ्यानं कान देऊन ऐकायचं. एक औषध सांगायचं राहिलं तर तेच पुन्हा टोचलं जाऊ शकतं. आत खाटेभोवती चार-पाच जण राबत असताना प्रमुखानं स्वतः सुई धरू नये, पायथ्याशी उभं राहून सगळ्यांवर नजर ठेवावी. मात्रा ऐकणाऱ्यानं ती मोठ्यानं परत म्हणावी. चूक दिसली तर नवख्या सिस्टरनंही "थांबा सर" म्हणावं, आणि सरांनी थांबावं.

हृदय बंद पडलं तर गाडी येईपर्यंतची मिनिटं गल्लीच्या हातात असतात. छातीच्या मधोमध मिनिटाला 100 ते 120 दाब, 5 ते 6 सेंटिमीटर खोल, आणि दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, कारण दमलेला हात उथळ दाबतो. हे प्रत्येक तालमीत शिकवायला हवं. पाळी घ्यायला दणकट हात तिथं हवे तेवढे आहेत.