घरबसल्या ल मां

खऱ्या ट्रॅकवर गाडी पळवायची तर कारंजा लाडच्या पोराला चेन्नई, कोइमतूर नाहीतर ग्रेटर नोएडा गाठावं लागतं. सिम्युलेटरवरची थेट स्पर्धा मात्र घरातूनही खेळता येते. करोनामुळे फ्रान्समधली ल मांची २४ तासांची मोटारशर्यत लांबली, तेव्हा १३-१४ जून २०२० ला ती संगणकावर रंगली: ५० गाड्या, २०० चालक. हा पोरखेळ नव्हे. २०१७ मध्ये अशीच एक स्पर्धा जिंकून नेदरलँड्सच्या रूडी व्हॅन ब्यूरनने मॅक्लारेन या फॉर्म्युला वन संघात सिम्युलेटर चालकाची नोकरी मिळवली.

सिम्युलेटरच्या स्टीअरिंगमधली मोटर टायर घसरल्याची जाणीव थेट मनगटाला देते. चांगला ब्रेक, पेडल किती खाली गेलं हे पाहत नाही, पायाचा जोर मोजतो.

खरी गोम इंटरनेटची. ताशी २५० किमी वेगाची गाडी १०० मिलिसेकंदांत सुमारे ७ मीटर पुढे जाते. माहिती पोचायला तेवढा उशीर झाला, की समोरची गाडी दिसते तिथे नसतेच. म्हणून वायफायपेक्षा केबल बरी. जानेवारी २०२३ च्या आभासी ल मांमध्ये तर खुद्द फॉर्म्युला वन जगज्जेता मॅक्स व्हर्स्टापेन आघाडीवर असताना संपर्क तुटून मागे फेकला गेला आणि चिडून त्याने शर्यतच सोडली.