खऱ्या मालाची खूण सांगायची, पण कोणती?



माझं गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. मागे मी ब्रेक शूचा खरा आणि डुप्लिकेट बॉक्स शेजारी ठेवून व्हिडिओ केला होता. "हे बघा, इथं स्पेलिंग चुकलंय, इथं छपाई पुसट आहे." लोक खूश, मीही खूश.

काही महिन्यांनी एक गिऱ्हाईक गाडी घेऊन आलं. ब्रेक लागत नव्हता. म्हणाला, "सर, तुमचा व्हिडिओ बघूनच दुसरीकडून घेतला. स्पेलिंग तपासलं होतं." बॉक्स बघितला. स्पेलिंग बरोबर, छपाई ठसठशीत, आतला माल मात्र डुप्लिकेटच. म्हणजे मी नकलखोराची चूक फुकटात दुरुस्त करून दिली होती, आणि गिऱ्हाइकाला खोटा भरवसाही दिला होता.

हाच पेच जुनी लष्करी हेल्मेटं जमवणाऱ्यांपुढे कित्येक वर्षं आहे. त्यांच्याकडून आपल्याला शिकता येईल.

खरं हेल्मेट, खोटं चिन्ह

दुसऱ्या महायुद्धातलं जर्मन पोलादी हेल्मेट घ्या. त्याचे तीन मुख्य प्रकार: १९३५, १९४० आणि १९४२ चे. पहिल्यात हवेच्या भोकाला वेगळी पोकळ रिंग बसवलेली असते. १९४० मध्ये ते भोक पत्र्यातच ठोकून काढायला लागले. १९४२ मध्ये खर्च वाचवायला कडा आत वळवणंही बंद केलं. आतल्या बाजूला कारखान्याची अक्षरं आणि मापाचा आकडा ठोकलेला असतो.

आता धंद्याचं गणित बघा. अशी हेल्मेटं लाखोंनी बनली. युद्धानंतर नॉर्वेसारख्या देशांनी त्यातली बरीच रंग बदलून वापरली. त्यामुळे साधं, बिनचिन्हाचं हेल्मेट त्या मानाने स्वस्तात मिळतं. पण त्यावर मूळचं दुर्मीळ चिन्ह असेल तर किंमत कित्येक पट होते. म्हणून नकलखोर सगळं हेल्मेट बनवतच नाही. खरं हेल्मेट घेतो आणि त्यावर खोटं चिन्ह चिकटवतो.

ज्ञान दोघांनाही मिळतं

जाणकारांनी अभ्यास केला, पुस्तकं लिहिली. भूदलाच्या हेल्मेटवरचं तिरंगी ढालीचं चिन्ह १९४० मध्ये काढून टाकायचा हुकूम झाला आणि गरुडाचं चिन्ह १९४३ मध्ये बंद झालं. मग १९४२ च्या प्रकारावर भूदलाची दोन्ही चिन्हं दिसली की शंका घ्यायची. नवशिक्याला केवढा आधार! पण नकलखोरही तेच पुस्तक विकत घेतो. पुढच्या वेळी तो चुकीच्या हेल्मेटवर चिन्ह लावत नाही.

धाग्याचंही तसंच. आजच्या बऱ्याच धाग्यांत चमक आणणारी रसायनं असतात आणि ती अतिनील दिव्याखाली उजळतात. ती युद्धानंतर सर्रास वापरात आली. म्हणून आतल्या चामड्याच्या अस्तराची शिवण दिव्याखाली चमकली, की दुरुस्ती किंवा नक्कल असा संशय. हे एकदा सगळ्यांना कळलं, की नकलखोराला एवढंच करायचं असतं: न चमकणारा धागा आणायचा. आणि मग "चमकत नाही, म्हणजे खरं" असं मानणारा नवशिक्या अलगद फसतो.

मग गप्प बसायचं का?

अजिबात नाही. जाणकार गप्प बसले तर नवा माणूस फसतो, एकदा फसला की बाजारातूनच उठतो. शिवाय ज्ञान चार जणांच्या मुठीत राहिलं, की ते चौघे म्हणतील तेच खरं. त्यातला एखादा स्वतःच विक्रेता असेल तर बघायलाच नको.

म्हणून मी आता प्रत्येक खुणेला एक प्रश्न विचारतो: ही सांगितली, तर नकलखोराला ती सुधारायला किती खर्च येईल?

स्पेलिंग, छपाई, धागा या किरकोळ खर्चाच्या खुणा. त्या मी विश्वासातल्या दुकानदारांना आणि कंपनीच्या माणसाला प्रत्यक्ष भेटून सांगतो. व्हिडिओत नाही.

अवघड खुणा मात्र ओरडून सांगा. हेल्मेटच्या बाबतीत सगळ्या गोष्टींचा मेळ: प्रकार, शिक्का, रंग, गंज, अस्तर, चिन्ह हे सगळं एकाच वयाचं दिसतंय का? जुना ओरखडा चिन्हाच्या कडेशी येऊन अचानक थांबतो का? वस्तू कुणाकडून कुणाकडे आली, याचा कागद आहे का? एक खूण सुधारणं सोपं, सगळ्यांचा मेळ जमवणं महाग.

माझ्या धंद्यात याचा अर्थ: पक्कं बिल, अधिकृत वितरक, आणि भावात संशयास्पद फरक दिसला की माल परत. बॉक्स कितीही सुंदर असू दे.

आणखी एक वाक्य प्रत्येक वेळी जोडा: "ही खूण नसेल तर माल घेऊ नका, पण असली म्हणून माल खराच, असं नाही." माझ्या त्या व्हिडिओत हे वाक्य नव्हतं. तो व्हिडिओ मी काढून टाकलाय.

आजचा गृहपाठ: तुमच्या मालाच्या खरेपणाच्या पाच खुणा वहीत लिहा. प्रत्येकीपुढे नकलखोराचा खर्च लिहा. जिथं खर्च शंभर रुपयांच्या आत येईल, ती गिऱ्हाइकाला शिकवू नका. तिच्या भरवशावर तुम्हीही राहू नका.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा करा, पण डोळे उघडे ठेवून!