वैमानिकांचे परीक्षक कसे घडतात

ज्याने आयुष्याची तीस-पस्तीस वर्षे मुलांच्या वह्या तपासण्यात घालविली, अशा खेड्यातील शाळामास्तराने विमानविद्येवर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. मी वैमानिक नव्हे, हे आरंभीच सांगून टाकतो. परंतु परीक्षा घेणे हा माझा जन्माचा व्यवसाय होता, आणि परीक्षा न्यायाने घेणे किती अवघड आहे, याचा अनुभव मजजवळ पुरेसा आहे. ज्या परीक्षेत गुण चुकले असता केवळ एका विद्यार्थ्याचे वर्ष वाया जाते, तीत इतकी अडचण. मग ज्या परीक्षेवर शेकडो उतारूंचे प्राण अवलंबून आहेत, ती घेणाऱ्यांस कसे तयार करीत असतील, या कुतूहलाने मी त्या विषयाचे वाचन केले. त्यातील सार आज आपणांपुढे ठेवावयाचे आहे.

हा विषय आपल्या बीड जिल्ह्यास अगदीच परका नाही. वयस्क मंडळींस २६ एप्रिल १९९३ ची दुपार आठवत असेल. त्या काळी ज्यास औरंगाबाद म्हणत, त्या आजच्या छत्रपति संभाजीनगराच्या चिकलठाणा विमानतळावरून इंडियन एअरलाइन्सचे बोइंग विमान मुंबईस जाण्यास निघाले. आत एकशे अठरा माणसे होती. दिवस उन्हाळ्याचा, विमान पुष्कळ भरलेले. धावपट्टी संपली तरी ते पुरेसे उंच झाले नव्हते. पट्टीच्या टोकापलीकडील रस्त्यावरून कापसाच्या दाबलेल्या गठाणींनी भरलेली एक मालमोटार चालली होती. तिच्यावर विमानाचे डावे चाक आदळले. पुढे विजेच्या तारांना लागून विमान कोसळले व पंचावन्न माणसे मृत्यू पावली. हा रस्ता कोणता? चौकशीच्या अहवालात त्याचे नाव ‘बीड रस्ता’ असेच आहे.

या अहवालाने जो निर्णय दिला, तो परीक्षकाच्या दृष्टीने फार मननीय आहे. त्याने दोन कारणे वेगवेगळी मांडली. पहिले हे की, विमानाचे नाक उचलण्यास वैमानिकांनी उशीर केला व उचलण्याची रीतही चुकीची होती. दुसरे हे की, उड्डाणाच्या वेळी बीड रस्त्यावरील रहदारी आवरून धरण्याचे काम विमानतळाच्या व्यवस्थापकांकडून झाले नाही. वैमानिकाच्या दोषाने रस्त्याचा दोष झाकला नाही आणि रस्त्याच्या दोषामुळे वैमानिकाची चूक माफही झाली नाही. ज्याचे त्याच्या पदरी घालणे, हेच न्याय्य परीक्षेचे मूळ होय.

नाक उचलणे ही क्रिया काही क्षणांची असते. धावपट्टीवर ठरलेला वेग येताच वैमानिक हातातील सुकाणू सावकाश मागे ओढतो आणि नाक सेकंदास दोन ते तीन अंश या गतीने वर येते. फार वेगाने ओढले तर शेपूट जमिनीस घासते. उशिरा ओढले तर पट्टी संपते. ताशी अडीचशे किलोमीटर वेगाने धावणारे विमान एका सेकंदात सुमारे सत्तर मीटर पट्टी मागे टाकते. म्हणजे दोन सेकंदांचा उशीर हा दीडशे मीटरांच्या जवळपास जातो. आता बाजूस बसलेल्या परीक्षकाचा विचार करा. हा दोन सेकंदांचा उशीर त्याच्या डोळ्यांस दिसला पाहिजे, त्याच्या कागदावर उतरला पाहिजे, आणि उमेदवार कितीही अनुभवी वा आवडता असो, त्यास तो स्पष्ट सांगता आला पाहिजे. हे गुण जन्मतः कोणासही मिळत नाहीत. ते शिकवावे लागतात.

विमानविद्येच्या आरंभी परीक्षकाचे काम सोपे होते. विमानात एकट्यापुरतीच जागा असल्याने तो मैदानात उभा राही. उमेदवाराने दोन खांबांभोवती इंग्रजी आठाच्या आकड्यासारख्या फेऱ्या माराव्या, ठराविक उंची गाठावी व नेमलेल्या खुणेपासून पन्नास मीटरांच्या आत उतरावे, एवढे पाहिले की झाले. पुढे १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांस पहिल्या क्रमांकाचा भारतीय परवाना मिळाला, तोवर विद्या बरीच वाढली होती. आज तर मोठ्या प्रवासी विमानाच्या वैमानिकास परवाना मिळाल्यावरही वर्षातून दोनदा परीक्षा द्यावी लागते. यातील पुष्कळसा भाग सिम्युलेटरमध्ये, म्हणजे विमानाच्या हुबेहूब नकलेत, होतो. तेथे परीक्षक एखादे इंजिन बंद पाडतो, धुके आणतो, आग लागल्याची घंटा वाजवितो, आणि समोरचा मनुष्य काय करतो ते पाहतो.

पण पाहणाराही मनुष्यच आहे, आणि येथेच खरी अडचण आहे. मला आमच्या शाळेतील एक प्रसंग आठवतो. चौथीच्या मुलांचे वाचन तपासावयाचे होते. मी व माझे एक सहकारी अशा दोघांनी एकाच मुलाचे वाचन एकाच वेळी ऐकले व गुण निरनिराळे लिहिले. मी दहापैकी आठ दिले होते, त्यांनी पाच. चर्चा करिता समजले की, मी त्याचा खणखणीत आवाज ऐकत होतो आणि ते त्याने गाळलेले शब्द मोजीत होते. शिवाय त्या मुलाचा वडील भाऊ माझा हुशार विद्यार्थी होता, ही गोष्ट माझ्या आठापैकी एका गुणास तरी कारण झाली असावी. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली. आम्ही दोघेही प्रामाणिक होतो; परंतु आमचे माप एक नव्हते.

वैमानिकांच्या परीक्षकांस नेमका हाच धडा प्रथम देतात. सिम्युलेटरमधील एका परीक्षेचे चित्रण सर्वांस दाखवितात. प्रत्येकाने इतरांशी न बोलता गुण लिहावयाचे, आणि मग ते फळ्यावर शेजारी शेजारी मांडावयाचे. कोणी पाचापैकी चार दिलेले असतात, कोणी दोन. मग प्रत्येकाने आपण काय पाहिले ते सांगावयाचे. असे पुन्हा पुन्हा करून सर्वांचे माप एकमेकांच्या जवळ आणावयाचे.

या शिक्षणात चार पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिली पाहणे, दुसरी टिपणे, तिसरी वर्ग लावणे व चौथी मोल ठरविणे. आपण सामान्य माणसे पहिल्या पायरीवरून एकदम चौथीवर उडी घेतो. ‘हा गडबडला’, ‘याच्यात दम नाही’ असे लिहून मोकळे होतो. हे टिपण नव्हे, हा निकाल झाला. टिपण असे असावे: ‘इंजिन बंद पडल्यावर वेग दहा नॉटने घटला; सहवैमानिकाने सांगितल्यावर सावरला.’ ते झाल्यावर ही उणीव हाताच्या कौशल्याची की लक्ष ठेवण्याची, याचा वर्ग लावावा, आणि मोल सर्वांच्या शेवटी ठरवावे. अशा टिपणावरून दुसरा परीक्षकही त्याच निकालास येऊ शकतो. उमेदवाराने तक्रार केली, तर उत्तर देण्यास आधार राहतो तोही या टिपणाचाच.

माप एक राहावे म्हणून आकडे छापून दिलेले असतात. युरोपीय संघाच्या नियमांप्रमाणे उपकरणांवर विसंबून केलेल्या उड्डाणाच्या परीक्षेत उंची साधारणपणे शंभर फुटांहून अधिक चुकू नये. दिशा पाच अंशांहून, व एक इंजिन बंद असता दहा अंशांहून अधिक ढळू नये. सर्व इंजिने चालू असता वेगात पाच नॉटहून अधिक फरक पडू नये. नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल. परंतु त्याच नियमात पुढे असेही सांगितले आहे की, हवा खवळलेली असेल तर, आणि विमानाचे गुणधर्म पाहून, परीक्षकाने सूट द्यावी. वाऱ्याच्या झोताने विमान दीडशे फूट वर उचलले व वैमानिकाने ते तत्काळ खाली आणिले, तर दोष वाऱ्याचा. शांत हवेत ते हळूहळू दीडशे फूट चढले व त्यास पत्ताच नाही, तर दोष त्याचा. आकडा एकच, निकाल दोन. बीड रस्त्यावरील अहवालाने जी वाटणी केली, तीच ही होय.

आता पक्षपाताविषयी. गुरूने आपल्या शिष्याची परीक्षा घ्यावी काय? आपल्याकडे यात कोणास काही वावगे वाटत नाही. परंतु त्याच नियमांनुसार, परवान्यास लागणाऱ्या उड्डाणशिक्षणापैकी एकचतुर्थांशाहून अधिक शिक्षण ज्यास आपण दिले, त्याची परवान्याची परीक्षा परीक्षकाने घ्यावयाची नाही. तसेच आपले मन निःपक्ष राहणार नाही असे वाटले, तर त्याने आपण होऊन बाजूस व्हावयाचे. शिवाय परीक्षा चालू असता शिकवावयाचे नाही. ज्याचा जन्म शिकविण्यात गेला, त्यास हे किती कठीण असते, ते मी जाणतो. मूल अडखळले की ओठांवर शब्द येतोच! पण परीक्षकाने शब्द पुरविला, तर उत्तीर्ण कोण झाले?

परीक्षकाच्या अधिकाराची दुसरीही बाजू आहे. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावर दाट धुक्यात दोन प्रचंड विमाने धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे गेली. परवानगी नसता उड्डाणास निघालेल्या डच विमानाचा प्रमुख वैमानिक हा त्याच्या कंपनीतील ज्येष्ठ शिक्षक होता, आणि सुमारे दोनच महिन्यांपूर्वी त्याने आपल्या शेजारी बसलेल्या सहवैमानिकाची त्या जातीच्या विमानावरील परीक्षा घेतली होती. ज्याने कालपरवा आपणांस उत्तीर्ण केले, त्यास आज ‘थांबा’ असे ठासून सांगणे सोपे नसते. म्हणून नव्या शिक्षणात परीक्षकास बजावतात की, उमेदवारास धाक घालू नये. वरिष्ठाची चूक दिसता बोलण्याचे धैर्य हाही तपासण्याचा गुण आहे, आणि तुमच्या वागण्याने तो मरता कामा नये.

आणि म्हणूनच परीक्षकाची स्वतःचीही परीक्षा असते. प्रथम अनुभवी अधिकाऱ्यासमोर त्याने एक परीक्षा घेऊन दाखवावयाची. तो अधिकारी उमेदवाराकडे कमी व परीक्षकाकडे अधिक पाहतो. युरोपात हा अधिकार तीन वर्षांपुरताच मिळतो. पुढे तो हवा असल्यास पुन्हा वर्गास बसून पुन्हा कसास उतरावे लागते. शाळामास्तरांस असा नियम असता, तर माझ्या हातून झालेल्या कित्येक चुका टळल्या असत्या.

शेवटी निकाल सांगण्याविषयी. उत्तीर्ण की अनुत्तीर्ण हे प्रथम सांगावे, कारण ते कळेपर्यंत उमेदवारास दुसरे काही ऐकू येत नाही. मग टिपणे दाखवून काय घडले ते सांगावे. अनुत्तीर्ण होणे म्हणजे सर्वस्व बुडणे नव्हे. कित्येक परीक्षांत एकाच विभागात उणे पडले तर तेवढाच विभाग पुन्हा द्यावा लागतो. हे शांतपणे समजावून सांगणे हाही परीक्षकाच्या कर्तव्याचाच भाग आहे.

श्रोतेहो, वैमानिक होण्यास लाखो रुपये लागतात. उद्या आपल्या जिल्ह्यातील एखाद्या कोरडवाहू शेतकऱ्याने जमीन गहाण ठेवून मुलास या विद्येस पाठविले, आणि त्याच्या उच्चारावरून वा आडनावावरून परीक्षकाने त्यास कमी लेखले, तर एक घर बुडेल. उलट, ओळखीपाळखीने वा दयेने एखाद्या अपुऱ्या मुलास उत्तीर्ण केले, तर शंभर घरे बुडतील. पुष्कळांस वाटते की, न्याय आणि दया या दोन बाजू असून चांगला परीक्षक मधोमध उभा राहतो. मला तसे वाटत नाही. विमानात बसलेल्या, परीक्षकास कधीही न दिसणाऱ्या उतारूंवर दया करावयाची असेल, तर समोरच्या उमेदवाराशी न्यायाने वागणे एवढा एकच मार्ग त्यास मोकळा आहे.

बीड रस्त्यावरून जाताना मला त्या पंचावन्न माणसांची आठवण होते. आणि मी न पाहता, न टिपता, केवळ मनास वाटले म्हणून किती मुलांच्या पुढे किती आकडे लिहिले असतील, तेही आठवते. माझे जे शिक्षकबंधू आज ही कामे करीत आहेत, त्यांनी यापुढे एखाद्या मुलाचा गुण लिहिण्यापूर्वी, आपण काय पाहिले ते एका ओळीत लिहून काढावे, एवढीच माझी विनंती आहे.