तागडीचा पैसा

शेत नांगरताना, जुने घर पाडताना कधी कधी तांब्याचे काळे पडलेले नाणे हाती लागते. त्यावरची अक्षरे परकी असतात. मग चावडीवर चर्चा सुरू होते. कोणी म्हणतो, बादशाही आहे. कोणी म्हणतो, लाखाला जाईल. आम्ही सांगतो, अक्षरे राहू द्या, आधी चित्रे पाहा.

आपल्या मुलखात सापडणारे एक नाणे घेऊ. एका बाजूला ढाल आहे. ढालीवर क्रूस. दोन्ही अंगांना दोन सिंह मागच्या पायांवर उभे. दोघांच्याही पंजात निशाण. जुन्या कागदांवर पाटील सहीच्या जागी नांगर काढी ना? तशीच ही खूण. ती ईस्ट इंडिया कंपनीची.

आता नाणे उलटा. तागडी दिसेल. पारड्यांच्या मधे अरबी अक्षरांत एक शब्द आहे. त्याचा अर्थ न्याय. (कंपनीने न्याय किती केला, ते आपल्या पणज्यांना ठाऊक!) खाली आकडा असतो, जसे १२४६. इथेच माणूस फसतो. नाणे जवळजवळ आठशे वर्षांचे, असे त्याला वाटते. पण हा सन हिजरी, म्हणजे मुसलमानी पंचांगाचा. इंग्रजी सनाने तो १८३०-३१ येतो. सिंहांच्या बाजूला इंग्रजी आकड्यांत १८३० असतेच. तेव्हा हा मुंबई इलाख्यासाठी पाडलेला पाव आणा, म्हणजे एक पैसा.

१८३५ साली कंपनीने आपल्या सगळ्या मुलखासाठी एकच नाणी काढली. सिंह राहिले, तागडी गेली. तिच्या जागी पानांची माळ आली. १८६२ पासून व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा आला.

नाणे चिंच लावून घासू मात्र नका. सिंहच झिजला तर ओळखायचे कशावरून?

आणखी एक नाणे बाजारात फिरते. त्यावर एका बाजूला राम, लक्ष्मण, सीता आणि मारुती. दुसऱ्या बाजूला कंपनीचे नाव व १८१८ सन. विकणारा म्हणतो, यात दैवी शक्ती आहे, हे तांदूळ ओढते. त्याला लाखांनी पैसे मोजून लोक बुडाले आहेत. कंपनीने असे नाणे कधी पाडलेच नाही. देवाचे चित्र म्हणून खुशाल देव्हाऱ्यात ठेवा, पण मोल चार आण्यांचे द्या.

जमिनीत पुरलेला ठेवा निघाला आणि त्याची किंमत १० रुपयांहून जास्त असली, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरला लेखी कळवावे लागते. अर्ज तुम्ही स्वतःच लिहा.