पेढीवरून उतरल्यानंतर

सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे नव्या पिढीने पाहिली नसतील. नाव मात्र ऐकले असेल. जमिनीत खोल खणलेल्या त्या खड्ड्यांत हळद वर्षानुवर्षे कीड न लागता राहत असे आणि व्यापारी निर्धास्त असत. 2005 साली कृष्णेला महापूर आला, पाणी पेवांत शिरले आणि अनेक पेवे कायमची निकामी झाली. आपल्या व्यापारी घरांतील ज्येष्ठांची पुंजी पाहिली की त्या पेवांची आठवण होते.

नोकरदाराला निवृत्तीच्या दिवशी भविष्य निर्वाह निधी मिळतो, काहींना निवृत्तिवेतनही मिळते. व्यापाऱ्याला निवृत्तीचा दिवसच नसतो. चाळीस वर्षांची कमाई पेढीच्या वहीत त्याच्या नावे भांडवल म्हणून दिसते, परंतु औषधांसाठी वा तीर्थयात्रेसाठी रक्कम हवी असल्यास त्याला मुलाकडे शब्द टाकावा लागतो. घरातील आजींच्या नावे तर बहुधा दागिन्यांखेरीज काहीच नसते. मुले वाईट असतात असे मुळीच नाही. पैसा मालात, उधारीत आणि गोदामात गुंतलेला असतो, इतकेच.

रक्कम पेढीतच ठेवण्यामागे हिशेबही आहे. भागीदाराच्या भांडवलावर 12 टक्क्यांपर्यंतचे व्याज पेढीला खर्च म्हणून मान्य होते, पेढीचा कर 30 टक्के आणि ज्येष्ठाचा कर त्याहून कमी. करसल्लागाराचा हा सल्ला चुकीचा नाही, अपुरा आहे. भागीदार पेढीच्या देण्यांना आपल्या खासगी मालमत्तेनिशीही बांधील असतो. निवृत्त होऊन रक्कम कर्जाऊ ठेवली, तरी बँकेकडे माल व गोदाम तारण असल्याने पेढी अडचणीत आल्यास आधी बँकेचे देणे फिटते. शिवाय 1 एप्रिल 2025 पासून भागीदाराला दिलेले व्याज व वेतन मिळून वर्षात 20,000 रुपयांपेक्षा अधिक झाले की पेढीने 10 टक्के करकपात करावयाची आहे. अनेक छोट्या पेढ्यांना याचा पत्ता मार्चअखेरीस लागतो.

पेढीतून काढलेली रक्कम ठेवायची कोठे, हा पुढचा प्रश्न. सातारा-सांगलीकरांना याचे उत्तर महाग पडलेले आहे. सांगलीच्या वसंतदादा शेतकरी सहकारी बँकेचा परवाना 2009 साली रद्द झाला, तेव्हा ठेवींवरील विम्याची मर्यादा अवघी 1 लाख होती. कराड जनता सहकारी बँकेवर नोव्हेंबर 2017 मध्ये निर्बंध आले आणि 7 डिसेंबर 2020 रोजी परवाना रद्द झाला. त्याच वर्षीच्या 4 फेब्रुवारीपासून विम्याची मर्यादा 5 लाख झाली होती, म्हणून 99 टक्क्यांहून अधिक ठेवीदारांना पूर्ण रक्कम मिळेल असे रिझर्व्ह बँकेला सांगता आले. तरीही मधली तीन वर्षे ठेवीदारांनी कशी काढली असतील, याची कल्पना कराडच्या वाचकांना द्यायला नको. हे 5 लाख मुद्दल व व्याज मिळून, एका बँकेच्या सर्व शाखांतील ठेवींची बेरीज धरून असतात. पतसंस्थांच्या ठेवींना हे विमासंरक्षण नाहीच. एक-दीड टक्का जास्त व्याजासाठी सारी पुंजी तेथे नेणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

साठी पूर्ण झालेल्यांसाठी टपाल खात्याची व बँकांची ज्येष्ठ नागरिक बचत योजना मला सर्वांत सरळ वाटते. एप्रिल 2023 पासून प्रत्येकी 30 लाखांची मर्यादा आणि 8.2 टक्के व्याज, तेही दर तिमाहीस खात्यात जमा. 30 लाखांवर तिमाहीस 61,500 रुपये होतात. पती-पत्नी दोघांनी स्वतंत्र खाती उघडल्यास वर्षाला 4,92,000. पेढीतील 12 टक्क्यांपुढे हा दर कमी दिसेल, पण ही रक्कम कोणाकडे मागावी लागत नाही. रक्कम एकदम न काढता दोन-तीन हंगामांत काढावी, म्हणजे खरेदीच्या दिवसांत पेढीला ओढ बसत नाही. करभरणा होऊन जमा झालेले स्वतःचे भांडवल शिल्लक रकमेपर्यंत रोखीने काढून घेण्यावर पुन्हा आयकर नाही.

आता कराचे पाहू. पतीच्या पैशातून पत्नीच्या नावे ठेव ठेवली की व्याज पतीच्याच उत्पन्नात धरले जाते. सुनेला दिलेल्या रकमेचेही तसेच. मात्र कमावत्या मुलाने आईला भेट दिली, तर त्या रकमेचे व्याज आईचेच. ही सोय आपल्याकडे फार थोडे लोक वापरतात. भेट धनादेशाने द्यावी आणि साधे भेटपत्र लिहून ठेवावे. आर्थिक वर्ष 2025-26 पासून नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर व्यक्तीला सवलतीमुळे कर लागत नाही. ज्येष्ठांचे व्याज वर्षाला 1 लाखापुढे गेले की करकपात होते. एकूण कर शून्य असल्यास करकपात न करण्याबाबतचा स्वघोषणा अर्ज एप्रिलमध्येच द्यावा, म्हणजे परताव्याची वाट पाहावी लागत नाही. एक सावधगिरी: ही सवलत जमीन वा समभाग विकून झालेल्या दीर्घकालीन नफ्याला लागू नाही. जुने गोदाम विकणाऱ्यांनी 12 लाखांच्या आकड्यावर विसंबू नये.

आजोबांनी स्थापन केलेले एकत्र कुटुंब, म्हणजेच एचयूएफ, हा आपल्या घरांचा जिव्हाळ्याचा विषय. पूर्वी त्याने खरोखर कर वाचे. परंतु 12 लाखांची सवलत केवळ व्यक्तीला आहे, एचयूएफला नाही. 8 लाख उत्पन्न असलेल्या व्यक्तीला कर शून्य, तर तेवढ्याच उत्पन्नाच्या एचयूएफला उपकरासह 20,800 रुपये. घरातील व्यक्तींचे उत्पन्न 12 लाखांच्या पुढे असेल तर एचयूएफ अजूनही उपयोगी. नसेल, तर ते चालू का ठेवले आहे हे एकदा विचारावे. 31 डिसेंबर 1978 नंतरची अंशतः वाटणी आयकर खाते मानत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

अडत्यांसाठी आणखी एक सूचना. 6 किंवा 8 टक्के अनुमानित नफा दाखवण्याची सोय अडत वा दलालीच्या उत्पन्नाला नाही. मार्केट यार्डातील कित्येकांचे विवरणपत्र येथेच चुकते.

पेढीतून निवृत्त होणाऱ्याने केवळ भागीदारीपत्र बदलून थांबू नये. 1932 च्या भागीदारी कायद्यानुसार जाहीर सूचना दिली जाईपर्यंत बाहेरच्या लोकांच्या दृष्टीने जुना भागीदार बांधीलच राहतो. बँकेच्या कर्जाला दिलेला वैयक्तिक जामीन तर वेगळाच. तो बँकेने लेखी सोडेपर्यंत सुटत नाही. राहते घर तारण असेल तर ते मोकळे करून घेणे हे कोणत्याही करबचतीच्या आधीचे काम होय.

राहिले नामनिर्देशन. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँकखात्याला चार जणांपर्यंत नावे देता येतात. पण नामनिर्देशित व्यक्ती रक्कम स्वीकारते, मालक होत नाही. साळगावकर कुटुंबाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये समभागांबाबतही हेच सांगितले. मालकी ठरते ती मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने. आईच्या नावे ठेव झाली की त्याच आठवड्यात तिचेही मृत्युपत्र करून घ्यावे, आणि ते तिने सांगितल्याप्रमाणे लिहावे.